बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरचे कॅपॅसिटर बदलले : नाशिकच्या घरातल्या नोंदी

२८ जून २०२५, शनिवार

बाबांनी १९८६ साली घेतलेला भारतीय बनावटीचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आज टेबलावर घेतला. एका बाजूला ३० वॉट, आउटपुटला ३०५५ आणि २९५५ या ट्रान्झिस्टरच्या जोड्या, रेकॉर्ड प्लेअरसाठी मागे वेगळं इनपुट. तक्रारी दोन. आवाजाचं बटण शून्यावर असलं तरी दोन्ही स्पीकरमधून सतत 'हूं' येतो. आणि डाव्या बाजूला डग्ग्याची थाप ऐकू येते, घुमारा येत नाही. बाबा गेली दोन वर्षं म्हणत होते, "अगं, तबलजी अर्धाच बसलाय." मी सुई आणि रेकॉर्ड प्लेअर तपासण्यात वेळ घालवला. मोबाइल थेट जोडून गाणं लावलं तेव्हा तोच पोकळपणा आला, तेव्हा दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्येच आहे हे पटलं. ही चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

उघडण्याआधी दोन वस्तू तयार केल्या. एक सिरीज लॅम्प, म्हणजे आत काही चुकलं असेल तर करंट अडवणारा बल्ब : होल्डर, ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आणि एक सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही. दुसरी वस्तू म्हणजे १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेट केलेल्या तारा. कॅपॅसिटर म्हणजे चार्ज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तो राहतो. हा रेझिस्टर दहा सेकंद टेकवायचा आणि मग मीटरने पाहायचं, १ व्होल्टच्या खाली आलं की मगच हात घालायचा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय असेल तर ती सोडा, ठिणगीने कॅपॅसिटरचं टर्मिनल जातं.

आत ३८ इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेले कॅपॅसिटर मोजले. प्रत्येकाचा फोटो काढला, वहीत जागा, किंमत (रुपयांतली नाही, एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरडमधली), व्होल्टेज आणि निगेटिव्हची पट्टी कुठल्या बाजूला आहे ते लिहिलं. दोन तास गेले. ते वाया गेले नाहीत.

५ जुलै, शनिवार

तपासणी. ११५० रुपयांचा, ईएसआर म्हणजे कॅपॅसिटरचा आतला रोध दाखवणारा टेस्टर मागवला होता. पहिला तास चुकीचा गेला, कारण मी कॅपॅसिटर बोर्डावरच ठेवून मोजत होते. शेजारचे रेझिस्टर आणि इतर कॅपॅसिटर धरून जो आकडा येतो तो खरा नसतो. ईएसआरचा अंदाज बोर्डावर येऊ शकतो, किंमतीचा नाही. निदान एक पाय तरी सोडवायला हवा.

पॉवर सप्लायचे दोन मोठे डबे, म्हणजे मोठे कॅपॅसिटर, प्लसला एक आणि मायनसला एक, ४७०० एमएफडी ४० व्होल्टचे. प्लसचा निघाला ३१००, मायनसचा ३३५०, आणि दोघांचा ईएसआर अर्ध्या ओहमच्या वर. चांगल्या डब्याचा दशांश ओहमच्याही बराच खाली असायला हवा. 'हूं' तिथूनच येत असणार.

डाव्या बाजूचं उत्तर मात्र एका छोट्या कॅपॅसिटरमध्ये सापडलं. पॉवर अ‍ॅम्पच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग मागे देणाऱ्या वाटेत, ५६० ओहमच्या सिरीजमध्ये २२ एमएफडीचा एक आहे. उजवीकडचा १७ भरला, डावीकडचा फक्त ७. २२ एमएफडी असताना १३ हर्ट्झपर्यंत खाली जाणारा आवाज ७ एमएफडीला ४० हर्ट्झलाच पडायला लागतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या पट्टीत त्याने साधारण १ डेसिबल जातो. त्याच बाजूचे टोन कंट्रोलनंतरचे दोन कपलिंग कॅपॅसिटरही (एका टप्प्यातून पुढच्यात आवाज नेणारे) ४.७ चे १ च्या आत आले होते. तिघांनी मिळून घुमारा खाल्ला.

डावीच बाजू का, हे बोर्ड बघितल्यावर कळलं. डावीकडचे हे तिन्ही कॅपॅसिटर हिटसिंकला, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, चिकटून उभे आहेत, उजवीकडचे दोन बोटं लांब आहेत.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. बाबांना सकाळी अभंग ऐकायचे होते. सगळं परत जोडून दिलं, 'हूं'सकट. आज काम नाही.

१२ जुलै, शनिवार

एम. जी. रोडला गेले. पाऊस, दोन दुकानं, तासभर. छोटे कॅपॅसिटर मिळाले, पण १०५ डिग्रीचे सगळ्या किंमतींत नव्हते. मोठ्यांसाठी ४७०० नव्हते, दुकानदाराने १०,००० एमएफडी ५० व्होल्टचे दोन दिले, ५२० रुपये. नाव मोठ्या जपानी कंपनीचं. मला वाटलं, ४७०० पेक्षा १०,००० म्हणजे दुप्पट चांगलं.

घरी येऊन मोजले : ४१५० आणि ४२६०.

१३ जुलै, रविवार

शेजारचे काका सातपूरच्या एका कॅपॅसिटरच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. दोन्ही डबे घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी हातात तोलून पाहिले, मग म्हणाले, "बाळ, हे हलके आहेत. आत लहान डबा असणार." एक कापला. तसंच निघालं : बाहेर मोठं आवरण, आत अर्ध्या आकाराचा दुसराच कॅपॅसिटर. पैसे गेले. दुकानात परत गेले नाही, कापलेला माल कोण घेणार.

मग काकांनी बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला तो ७ एमएफडीचाही कापायला घेतला. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये कागद, गुंडाळी करून बसवलेली. हा कागद द्रवाने ओला असायला हवा. आमचा पापडासारखा कोरडा होता, बोटाने तुटला. काकांनी समजावलं ते थोडक्यात : खरा निगेटिव्ह तो द्रव असतो, दुसरी पट्टी फक्त त्याला तार जोडायला. ऑक्साइडचा थर म्हणजे डायइलेक्ट्रिक, तो व्होल्टला जेमतेम सव्वा नॅनोमीटर जाडीचा. द्रव रबराच्या बुचातून हळूहळू उडतो, किंमत घटते आणि ईएसआर वाढतो. उष्णता १० डिग्रीने कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट. हिटसिंकजवळचे आधी का गेले, ते इथे जुळलं.

मी विचारलं, १०,००० खरे मिळाले तर घालू का? काकांचं म्हणणं असं की मूळ किंमतीच्या दीडपट पुरे. जास्त घातला की चालू करताना एसीचा डीसी करणाऱ्या डायोडवर झटका मोठा बसतो, आणि पुढे चार्जिंग कमी वेळात जास्त करंटने होतं, ट्रान्सफॉर्मर तापतो. ४० वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरवर हा प्रयोग नको. ६८०० वर थांबायचं ठरलं.

१९ जुलै, शनिवार

नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटीने मुंबई, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड. खरं सांगायचं तर हे मला लागलं. आपल्या सातपूरच्या एमआयडीसीत कॅपॅसिटर बनतात, अल्कॉनचे, इप्कॉसचे म्हणजे आताच्या टीडीकेचे, मोटारी आणि मोठ्या यंत्रांसाठी. पण घरगुती दुरुस्तीला लागणारे दोन डबे सुट्टे घ्यायला मला मुंबई गाठावी लागली. कारखाना दोन डबे विकत नाही, त्यात त्यांची चूक नाही. चांगला माल ठेवणारं सुट्टं दुकान शहरात हवं, एवढंच.

६८०० एमएफडी ५० व्होल्ट १०५ डिग्री, तीन घेतले, २१० ला एक. तिसरा जास्तीचा. छोटे सगळे मिळून ४१०. दुकानात टेस्टर घेऊन गेले होते आणि काउंटरवरच प्रत्येक मोठा डबा मोजला : ६५०० ते ६७००, ईएसआर ०.०३. दुकानदाराने काही हरकत घेतली नाही. ज्याला हरकत असेल त्याच्याकडून घेऊ नये.

५० व्होल्ट का : संध्याकाळी घरात मेन्स २३८ असताना रेल, म्हणजे आतल्या सर्किटला मिळणारं डीसी व्होल्टेज, मोजली ती २८.९ व्होल्ट होती. ४० चेही चालले असते. ६३ चे घेतले असते तर उंची वाढून झाकण बसलं नसतं. म्हणून टेप घेऊन जा, मी नेली होती.

२० जुलै, रविवार

जुने डबे पट्ट्याने आवळलेले, वर तारा जोडायचे कान असलेले. नवीन खाली दोन पिना असलेले. फायबरच्या बोर्डाचा तुकडा कापून त्यावर दोन्ही बसवले आणि जुन्याच स्क्रूच्या भोकांवर तो आवळला. मायनस रेलचा कॅपॅसिटर बसवताना मोठी चूक केली.

मायनस रेलला कॅपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो आणि निगेटिव्ह पाय रेलला. डोक्यात 'ग्राउंड म्हणजे निगेटिव्ह' इतकं बसलं होतं की दोन्ही डब्यांच्या पट्ट्या ग्राउंडकडे ठेवून डाग दिले. वहीत बरोबर लिहिलेलं होतं. वही बघितली नाही.

सिरीज लॅम्प लावून चालू केलं. बल्ब क्षणभर उजळून मंद व्हायला हवा. तो मंद झालाच नाही. मी चार-पाच सेकंद तसंच बघत राहिले, मग प्लग ओढला. डबा गरम लागत होता आणि वरचं झाकण किंचित फुगलं होतं. थेट मेन्सला लावला असता तर तो फुटून सगळ्या बोर्डावर ते रसायन उडालं असतं. उलट लागलेला कॅपॅसिटर परत वापरू नये, ऑक्साइडचा थर बिघडलेला असतो. टाकून दिला. तिसरा घेतला होता म्हणून निभावलं.

सुलट लावल्यावर बल्ब उजळला आणि दोन सेकंदांत विझत आला. रेल दोन्हीकडे सारखी.

२६ जुलै, शनिवार

'हूं' गेला नाही. हे सगळ्यात निराश करणारं होतं. स्पीकरच्या टर्मिनलवर मीटरने आधी ११ मिलिव्होल्ट होते, आता ६. कमी झालं, पण शांत खोलीत ऐकू येतं. आणि त्याचा पोतही बदलला होता, आधीचा गोल होता, हा थोडा करकरीत.

दोन संध्याकाळी इथे गेल्या. आधी नवीन कॅपॅसिटरवर संशय घेतला, मग डायोडवर. एक एक डायोड सोडवून मोजला, चारही ठीक. शेवटी मूळ बोर्डाचे फोटो पुन्हा बघितले. जुन्या जोडणीत दोन डब्यांच्या मधून एक जाड तांब्याची पट्टी होती. ट्रान्सफॉर्मरची मधली तार तिच्या एका टोकाला यायची आणि बाकीची ग्राउंड, म्हणजे स्पीकरची आणि दोन्ही अ‍ॅम्पची, दुसऱ्या टोकावरून निघायची. मी सोय म्हणून ती सगळी ग्राउंड ट्रान्सफॉर्मरच्या तारेशेजारीच जोडली होती. चार्जिंगचा करंट सेकंदाला १०० वेळा झटक्याने त्या तुकड्यातून जातो, आणि त्या तुकड्यावर पडणारे मिलिव्होल्ट मी थेट अ‍ॅम्पच्या ग्राउंडला देत होते.

दुरुस्ती सोपी होती. ट्रान्सफॉर्मरची तार आधी डब्यांच्या मध्यबिंदूला. तिथून एकच जाड तार निघून एका वेगळ्या स्क्रूवर. सगळी ग्राउंड त्या स्क्रूवर. मोजलं : ०.६ मिलिव्होल्ट. स्पीकरला कान लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही.

जो कोणी मोठे डबे बदलणार आहे त्याने कॅपॅसिटरच्या ब्रँडवर जितका वेळ घालवायचा ठरवला असेल, त्यातला अर्धा ग्राउंडच्या तारा कुठून कुठे जातात ते कागदावर काढण्यात घालवावा.

२ आणि ३ ऑगस्ट

छोटे कॅपॅसिटर. बोर्ड तपकिरी, जुन्या कागदी जातीचा, एका बाजूलाच तांबं असलेला. आयर्न जास्त वेळ टेकला की ट्रॅक उचलला जातो. दोन ठिकाणी उचलला गेला. कॅपॅसिटरचा कापलेला पाय आडवा टाकून पूल केला. त्यानंतर पद्धत बदलली : आधी जुन्या डागावर थोडं नवीन सोल्डर घालायचं, मग सकरने (वितळलेलं सोल्डर ओढणारी पिचकारी) ओढायचं. नवीन सोल्डरमधला फ्लक्स जुन्या डागावरचा ऑक्साइड साफ करतो, मग जुनं सोल्डर पटकन वितळतं. पुढचे तीस एकही ट्रॅक न उचलता निघाले. एका वेळी एकच काढायचा, लगेच त्याच जागी नवा. सगळे एकदम काढून ठेवले की गोंधळ ठरलेला.

आता फीडबॅकचा तो २२ एमएफडी. इथे मला सुधारणा करायची होती. १०० एमएफडी घातला तर आवाज ३ हर्ट्झपर्यंत सरळ जाईल, असं गणित सांगत होतं. दोन्ही बाजूंना १०० घातले. मोबाइलवरून लावलेलं गाणं उत्तम वाटलं, डग्गा भरून आला. बाबांना बोलावलं. त्यांनी त्यांची एलपी लावली आणि दोन मिनिटांत म्हणाले, "अगं, वूफर बघ." वूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, कागद आत-बाहेर हलत होता, गाण्याशी काही संबंध नसलेल्या लयीत. त्यांच्या बऱ्याचशा रेकॉर्ड उन्हाळ्यात थोड्या वाकल्या आहेत. वाकलेल्या रेकॉर्डमुळे आणि टोनआर्मच्या स्वतःच्या झोक्यामुळे साधारण १० हर्ट्झच्या खाली जी हालचाल होते, ती मूळ २२ एमएफडी बऱ्यापैकी अडवत होता. मी ती वाट उघडून दिली. शिवाय चालू करताना स्पीकरमधून आधी बारीक 'टप्' यायचा, तो आता मोठा 'ढब्ब' झाला होता.

४७ घालून पाहिला, हालचाल थोडी कमी. मग नवीन २२ घातला. वूफर शांत, आणि डग्ग्याचा घुमारा जसाच्या तसा. १०० आणि २२ मधला फरक कानांना कळतच नव्हता. फरक कळत होता तो ७ आणि २२ मधला. ज्याने १९८६ च्या आधी कधीतरी हे सर्किट आखलं, त्याने रेकॉर्ड प्लेअर डोळ्यासमोर ठेवूनच हा आकडा निवडला असणार असं मला आता वाटतं, आणि त्या माणसाबद्दल मनात आदर आहे.

टोन कंट्रोलनंतरच्या ४.७ च्या जागी पॉलिएस्टर फिल्मचे (प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीचे, बिनद्रवाचे) घालायचा विचार होता. आकाराने मोठे, बोर्डावर न मावणारे, तारा लांब करून उभे करावे लागले. डावीकडचा ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला झुकला आणि बारीक 'हूं' परत पकडायला लागला. काढला. तिथे साधे १०५ डिग्रीचे इलेक्ट्रोलिटिकच बसवले.

रेकॉर्ड प्लेअरच्या प्रीअ‍ॅम्पमधल्या खर्ज-टीपेचा तोल सांभाळणाऱ्या छोट्या पारदर्शक पॉलिस्टायरीन कॅपॅसिटरना हात लावला नाही. मोजले, सगळे २ टक्क्यांच्या आत. हे सुकत नाहीत, कारण त्यांच्यात द्रवच नसतो. फक्त जवळ आयर्न आला तर ते वितळतात, तेवढं सांभाळा.

१० ऑगस्ट, रविवार

स्पीकर उघडले. ट्वीटरला, म्हणजे टीपेच्या स्पीकरला, जाणारा ४.७ एमएफडीचा बिनध्रुवाचा इलेक्ट्रोलिटिक आहे. डावा ५.९ भरला, उजवा ५.६. हे जुने झाले की कधीकधी किंमत घटण्याऐवजी वाढते. ईएसआर मात्र दोन्हीचा १ ओहमच्या वर. पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे घेतले, २६० ला एक, म्हणजे दोघांचे ५२०.

बसवले आणि सगळं लखलखीत झालं. पहिल्या दिवशी मला फार आवडलं. बाबा अर्धा तास ऐकून उठले आणि म्हणाले, "तंबोरा टोचतोय. जवार कधी अशी सुटी होऊन कानात येत नाही." जवार म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा झणत्कार. त्यांचं बरोबर होतं. जुन्या कॅपॅसिटरचा तो एक ओहम ट्वीटरला नकळत दाबत होता, आणि चाळीस वर्षं याच तोलाची त्यांच्या कानांना सवय. नवीनमध्ये तो जवळजवळ शून्य. मग ट्वीटरच्या सिरीजमध्ये १ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर टाकला. ८ ओहमच्या ट्वीटरला त्याने साधारण १ डेसिबल कमी होतो. रेझिस्टर दोन, ४० रुपयांत. बाबांनी तीच बाजू पुन्हा लावली, शेवटपर्यंत बसले. जवार आता सुरातच राहते.

या दीड महिन्यात आवाज 'हवा तसा' करण्याचं जे एकमेव काम झालं ते या ४० रुपयांनी. बाकी सगळं बिघडलेलं होतं ते जागेवर आणणं होतं, आणि तेच जास्त मोलाचं होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शेवटची मोजमापं. स्पीकरच्या टोकांवर डीसी, जो शून्याजवळ हवा : डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे २६. पन्नासच्या आत आहे, चालेल. चालू ठेवून तासाभराने मोठे डबे हाताला जेमतेम कोमट. हिटसिंक पूर्वीइतकाच गरम.

खर्च असा : टेस्टर ११५०, नकली डबे ५२०, मुंबईची फेरी ४६०, खरे डबे ६३०, छोटे ४१०, स्पीकरचे फिल्म ५२०, रेझिस्टर ४०, सोल्डर, सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी आणि सकर मिळून ३३०. एकूण ४०६० रुपये. टेस्टर घरात राहिला. वेळ साधारण ३५ तास, त्यातले निदान १२ माझ्या चुकांचे : बोर्डावर मोजणं, उलटा डबा, ग्राउंड आणि ते १०० एमएफडी.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. सकाळपासून चार तास सलग चालू, आरत्या आणि मग बाबांच्या रेकॉर्ड. काही बिघाड नाही.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर अजून येते. कॅपॅसिटरशी तिचा संबंध नाही, पॉट, म्हणजे बटणामागचा फिरता रेझिस्टर, झिजलाय. कॉन्टॅक्ट क्लीनरने दोन दिवस बरी झाली, पुन्हा आली. ५० के-चा दुहेरी पॉट मिळतो, पण त्याचा दांडा गोल आहे आणि आपल्या बटणाला अर्धगोल लागतो. बाबांना बटण तेच हवं आहे, कारण त्यावरची खूण कुठे आली की शेजारी झोपलेले असताना चालतं, हे त्यांना पाठ आहे. दांडा कानशीने घासून पाहायचा, पुढच्या रविवारी.